खळ्यापलीकडचा फॅन

माझ्या जावेच्या घरात रात्रभर फॅन फिरतो आणि माझ्या घरात तो जेवणं उरकायच्या सुमाराला गपगार होतो, ह्या एका गोष्टीनं माझ्या डोक्याचा पार भुगा केला होता. हसायचं असेल तर खुशाल हसा. ज्यांच्या घरात बटण दाबलं की लाईट येते, त्यांना ह्यातलं दुखणं कळायचं नाही. आणि ज्यांना जाऊ नाही, त्यांना तर मुळीच नाही.

आमचा मळा हुपरीच्या रस्त्यापासनं बराच आत, ओढ्याच्या पलीकडं. गावातले विजेचे खांब ओढ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले. विहिरीवरच्या मोटरीला शेतीची वेगळी लाईट येते, पण ती पाळीनं. कधी दिवसा, कधी अपरात्री. तिच्यावर घर चालत नाही. गावातलं घर पुरेना झालं तेव्हा माझ्या नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं मळ्यातच दोन घरं बांधली. समोरासमोर, मधे खळं. वाटणी अगदी सारखी झाली. रान निम्मं-निम्मं, म्हशी सारख्या, विहिरीचं पाणी आळीपाळीनं. सारखी वाटता येत नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती माझ्या पदरात पडली. आत्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणायची रीत. पाव्हण्यारावळ्यांनी भरलेल्या सोप्यात त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं होतं, "मी थोरलीकडं ऱ्हाणार. धाकटी अजून पोर हाय." त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की पोलक्याची हुकं तेवढी तुटायची राहिली. धाकटीचं तोंड मी मुद्दाम वळून बघितलं. तिनं मान खाली घातली होती. बरं वाटलं मला. का वाटू नये? लग्न होऊन आले तेव्हापासनं आत्यांचा चहा, आत्यांचं अंघोळीचं पाणी, आत्यांचे दुखरे गुडघे, सगळं मीच बघत आले होते. हिनं काय केलं होतं? हसून दाखवलं होतं.

दोघा भावांनी सोलर आणलं ते कोल्हापुरातल्या एकाच दुकानातनं, एकाच दिवशी, एकाच टेम्पोत घालून. ह्या घराला दोन प्लेटा, त्या घराला दोन प्लेटा. ह्या घराला एक बॅटरी, त्या घराला एक बॅटरी. इन्व्हर्टरचा रंगसुद्धा सारखा. दुकानातनं आलेल्या माणसानं दोन्ही छपरांवर दक्षिणेकडं तोंड करून, सारख्याच तिरक्या प्लेटा बसवल्या, वायरी ओढल्या आणि जाताना मला सांगितलं, "वैनी, दिवसभर ऊन बॅटरीत भरतंय, रात्री ते वापरायचं. जेवढं भरलं तेवढंच निघणार. घागरीगत समजा." मी म्हटलं, "समजलं की." घागर काय मला नवीन होती?

पहिले काही महिने सगळं गोडीगुलाबीचं. संध्याकाळी दोन्ही घरांत एकदम दिवे लागायचे आणि ओढ्यापलीकडची माणसं म्हणायची, मळ्यात लगीन हाय का काय. धाकटी माझ्याकडं यायची, मी तिच्याकडं जायची. मग आला दिवाळीचा पाडवा.

पाडव्याला आमच्या भागात म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवायची, अंगावर नक्षी काढायची, गळ्यात घुंगरांचे पट्टे बांधायचे आणि गावातनं वाजतगाजत मिरवायच्या. माझी म्हैस त्या वर्षी अशी दिसत होती की बघणारा परत एकदा वळून बघत होता. संध्याकाळी लोक मळ्यात येणार म्हणून मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गोठ्याच्या दारावर एक दांडगा फोकस लावला. मंडपवाल्याकडनं आणलेला जुना, लग्नात लावतात तसला. त्याचा उजेड म्हशीच्या काळ्याभोर पाठीवर पडला आणि ती तेल चोपडल्यागत झळकायला लागली. धाकटी तिच्या पडवीत उभी होती. तिथनंच ओरडली, "आक्का, काय झळकतीया वो म्हस तुमची! नजर लागंल की!"

पाडवा झाला, पण फोकस मी उतरवू दिला नाही. मंडपवाल्याला सांगितलं, आता हा आमचाच. दिवस बुडाला की लावायचा. कुणी विचारलं तर साप-किरडू दिसतं, चोराचिलटाची भीती राहत नाही, असं काहीबाही सांगायची. खरं कारण खळ्यापलीकडच्या पडवीत उभं होतं. आमची म्हैस तिला रोज दिसलीच पाहिजे, असं मला वाटायचं. तिची म्हैस दूध जरा जास्त देते. देऊ दे. झळकत तर नाही ना?

उन्हाळा लागला. मळ्यातला उन्हाळा म्हणजे चारी बाजूंनी ऊस, वाऱ्याला वाट नाही, आणि डास असे की गोठ्यातनं निघाले ते सरळ माणसाच्या कानात. फॅन असला तर माणूस झोपतो, नसला तर टाळ्या वाजवत बसतो. आणि नेमकं तेव्हाच आमच्या फॅननं दगा द्यायला सुरुवात केली. जेवणं व्हायची, भांडी घासून व्हायची, अंथरुणं पडायची, की इन्व्हर्टर टूं टूं करून रडायला लागायचा. मग फॅन हळूहळू, गुडघे दुखणारं माणूस खाली बसतं तसा, थांबायचा. त्याच वेळी समोरच्या घरातनं घर्र घर्र आवाज यायचा. तिचा फॅन आवाज करतो. हजार फॅन एकदम लावले तरी मला तो आवाज ओळखू येईल, इतका मी तो ऐकलाय.

पहिल्यांदा आत्या म्हणाल्या, "डास लई खात्यात गं. मी जरा तिकडं पडती वाऱ्याला." वाकळ काखोटीला मारली आणि खळं ओलांडून गेल्या. म्हटलं, एका दिवसाचं आहे. दुसऱ्या दिवशी फॅन थांबायच्या आधीच उठल्या. मग दिवेलागणीलाच जेवून जायला लागल्या. जेवायला माझ्याकडं आणि झोपायला तिच्याकडं. पुढं पुढं तर जेवणसुद्धा असं घाईघाईनं, जणू त्यांची यष्टी चुकणार होती.

आणि तिकडं गेल्या की हसणं ऐकू यायचं. धाकटी खिदळायची ते मला माहीत होतं, ती कशालाही खिदळते. पण त्या खिदळण्यात आत्यांचा आवाज असायचा. माझ्या घरात ह्या बाई कधी अशा हसल्या होत्या? आणि माझ्या घरात त्यांना कमी काय होतं? नवी खाट, नवी गादी, उशाशी झाकणाचा तांब्या. इकडची काडी तिकडं करू देत नव्हते मी त्यांना. आणि ती बया त्यांना लसूण सोलायला बसवायची! वर्षाच्या चटणीचा लसूण, टोपलीभर, माझ्या सासूपुढं! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पडवीत एकच बल्ब, त्याच्याखाली घरातली सगळी माणसं गोळा झालेली, आत्या लसूण सोलताहेत आणि ही समोर मांडी घालून त्यांच्या तोंडाकडं बघत गप्पा छाटतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हातारीकडनं काम करून घेती ती," मी मालकांना म्हटलं.

"बोलत बसल्यात दोघी," ते म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडता मोडता वर न बघताच पुढं म्हणाले, "आणि आगं, त्यो फोकस तेवढा बंद कर की. बॅटरी त्योच खातोय."

"तुमास्नी काय कळतंय? भावाची बाजू घेऊ नका उगंच."

मालकांचं हे असं आहे. एकदा सांगतात आणि मग गप्प बसतात. मी दहादा सांगितल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं, पण नाही.

मी माझ्या परीनं शोध लावायला घेतला. पहिला संशय गुऱ्हाळावर. शेजारच्या रानातलं गुऱ्हाळ चालू झालं की चिमणीतनं काजळी उडते आणि वारं फिरलं की सगळी आमच्या छपरावर येऊन बसते. पाचट पेटवलं की त्याची काळी राख वेगळीच. म्हटलं, प्लेटा काळ्या झाल्या असणार, ऊन आत शिरणार कुठनं? शिडी लावून वर चढले आणि ओल्या फडक्यानं प्लेटा अशा पुसल्या की माझ्या स्वयंपाकघरातली भांडी लाजतील. वरनं धाकटीच्या छपराकडं बघितलं. तिच्याही प्लेटांवर तसलीच काजळी होती. उलट जास्तच होती! तरी तिचा फॅन चालतो आणि माझा नाही? खाली उतरले ती डोकं धरूनच.

मग संशय आला उसावर. दिराचा ऊस बांधाला लागून, आणि दुपार कलली की त्याच्या शेंड्यांची सावली आमच्या एका प्लेटेच्या कोपऱ्यावर यायची. निदान मला तरी तसं दिसायचं. मी बांधावर उभी राहून दिराला हाक मारली, "भावजी, तुमचा ऊस माझं ऊन खातोय!"

तो बिचारा खुरपं टाकून आला. एकदा उसाकडं, एकदा छपराकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "वैनी, ऊस सगळ्यांचंच ऊन खातोय की," म्हणाला. पण बांधाकडच्या सगळ्या ओळी त्यानं दोरीनं बांधून आत ओढून घेतल्या. मोठ्या भावजयीचा शब्द, मोडणार कसा? संध्याकाळी फॅन त्याच वेळेला थांबला. मालक अंधारात म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी कूस बदलली. डासांनी तोंड उघडायची सोय ठेवली नव्हती.

शेवटी दृष्ट काढली. हो, सोलरची. त्यात काय झालं? म्हशीची काढतो, लेकराची काढतो, मग त्या बॅटरीला तेवढीसुद्धा किंमत नाही का? मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या, बॅटरीवरनं, इन्व्हर्टरवरनं, शिडीवर चढून प्लेटांवरनं उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका म्हणून आला नाही. एवढ्या मिरच्या जळल्या आणि कुणाला शिंकसुद्धा नाही, म्हणजे दृष्ट केवढी कडक असेल विचार करा. कुणाची, ते सांगायची गरज नव्हती. "नजर लागंल की" म्हणून पाडव्याला ओरडलं कोण होतं?

पावसाळ्यात मात्र मी सुखी होते. आमच्याकडं आभाळ एकदा खाली उतरलं की ऊन बघायला मिळत नाही. सोलर दोन्ही घरांचं आडवं होतं. इन्व्हर्टर इकडं रडतो तसा तिकडंही रडतो. दिवेलागणीला दोन्ही सोप्यांत हातातले टॉर्च आणि मेणबत्त्या. आत्या घरात. कुठं जाणार होत्या? मालक ओढ्याच्या पाण्याची काळजी करत खळ्यात येरझाऱ्या घालायचे, आणि मी मनात म्हणायची, देवा, असंच आभाळ राहू दे रे. आत्यांच्या गुडघ्यांना तेल लावत मी दारातनं समोरच्या घराकडं बघत बसायची. अंधार. काळा कुळकुळीत अंधार. कुठल्या नाटक-सिनेमात एवढी करमणूक झाली नसेल माझी. आत्या काहीतरी सांगत असायच्या, त्यांच्या माहेरच्या विहिरीचं, का कुठल्या चुलतीचं. मी "हूं, हूं" म्हणायची.

एकदा पावसातच मधे उघडीप पडली आणि संध्याकाळी त्यांच्या पडवीत बल्ब लागला. माझ्या हातातली तेलाची वाटी कलंडली. "काय झालं गं?" आत्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लाईट लागली त्यांची." आत्यांनी लुगड्यावरचं तेल पुसलं आणि वाकळ उचलली.

पुढचा उन्हाळा आला आणि माझा संयम संपला. आता एकच संशय उरला होता, आणि तो मला पहिल्यापासनं यायला हवा होता: बॅटरी. दुकानातल्या माणसानं टेम्पोतनं बॅटऱ्या उतरवल्या तेव्हा दिरानं आधी हात घातला होता. चांगली बॅटरी तिकडं गेली, मरतुकडी माझ्या घरात आली. सरळ हिशोब होता. सारख्या दिसतात म्हणून सारख्या असतात का? मी आणि धाकटीसुद्धा लांबनं सारख्याच दिसतो म्हणे.

धाकटीच्या माहेरची यात्रा होती. ती, दीर, पोरं, सगळे निघाले, आणि त्यांच्याबरोबर आत्यासुद्धा! माझ्या माहेरच्या यात्रेला "गुडघं दुखत्यात" म्हणून कधी न आलेल्या आत्या तिच्या माहेरच्या यात्रेला नवं लुगडं नेसून जीपमध्ये पुढं बसल्या. धाकटीनं घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "आक्का, म्हशीला तेवढी वैरण टाका. आणि धार काढून ठेवा की."

"टाकती की," मी म्हटलं. जीप ओढ्यात उतरेपर्यंत हात हलवला आणि मग मालकांना हाक मारली.

"त्यांची बॅटरी हिकडं आणायची आणि आपली तिकडं ठेवायची."

मालक माझ्याकडं बघतच राहिले. "आगं, इश्वासानं किल्ली दिलीया तिनं."

"मग इश्वासानंच नेणार. मी काय खिडकी फोडून जाणार हाय?"

"जनाची न्हाई तर मनाची तरी?"

"तुमास्नी यायचं नसंल तर मी एकटी उचलती. कंबर मोडली तर तुमच्या आईला बोलवा माझं करायला. त्यांना सवड असली तर."

मालकांच्या तोंडावर एक हसू आलं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. "चल," म्हणाले. "एकदा बदलून बघूच."

बॅटरी म्हणजे काय जड धोंडा असतो ते उचलल्याशिवाय कळत नाही. पोत्याची झोळी केली, दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. आतलं पाणी हिंदकळू द्यायचं नाही, साडीला लागलं तर भोक पडतं. भर दुपारी, रणरणत्या उन्हात, खळ्याच्या मधोमध झोळी टेकवून आम्ही नवरा-बायको धापा टाकत बसलो. दोन्ही गोठ्यांतनं म्हशी आमच्याकडं टकामका बघत होत्या. मला त्यांचीसुद्धा लाज वाटली, पण थोडीच.

माझी बॅटरी तिच्या घरात ठेवली आणि माझं लक्ष वरच्या कुंकवाकडं गेलं. दसऱ्याला दोघींनीही आपापल्या बॅटरीची पूजा केली होती, हत्यारांची करतो तशी. मी नुसती हळद-कुंकवाची बोटं ओढली होती. तिनं कुंकवाचं झोकदार स्वस्तिक काढलं होतं, चार टिंबांसकट. आता त्या घरात बोटांची बॅटरी दिसली असती तर चोरी तिथंच उघडी. मग तिच्याच देव्हाऱ्यातलं कुंकू घेऊन, तिच्याच जमिनीवर उकिडवं बसून, मी माझ्या बॅटरीवर तिच्यासारखं स्वस्तिक काढलं. वळण जरा चुकलं. मालक दाराला टेकून उभे होते. म्हणाले, "झ्याक आलंय." मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दिवस मावळायला मंडळी परत आली. आत्यांनी माझ्यासाठी चुरमुरे आणि बत्तासे आणले होते. धाकटीनं किल्ली घेतली, "आक्का, तुमी हाय म्हणून बरं," म्हणाली. मी बत्तासा तोंडात टाकला. मग फोकस लावला, म्हशीला झळकवलं, स्वयंपाक केला, वाढलं, आणि फॅनखाली ऐटीत बसले. आज बघू म्हटलं. आज कोण कुणाकडं वाऱ्याला येतंय ते बघू.

इन्व्हर्टर रडला तो त्याच वेळेला. अगदी त्याच वेळेला. फॅन थांबला, आणि खळ्यापलीकडनं आवाज आला, घर्र घर्र. माझी बॅटरी! तिच्या घरात! तिचा फॅन फिरवत होती! मला रडावं का ओरडावं कळेना. ओरडायचीही चोरी होती, कारण सांगणार काय? बाजूला मालकांची खाट हलत होती. बघते तर चादर तोंडावर घेऊन हसताहेत.

सकाळी उठून मालकांनी शिडी लावली, गोठ्यावरचा फोकस सोडवला आणि त्याची वायर गुंडाळून माळ्यावर टाकला. मी खाली शिडी धरून उभी होते. त्या दिवशी संध्याकाळी म्हैस अंधारात उभी राहिली आणि आमचा फॅन उजाडेपर्यंत फिरला. दुसऱ्या दिवशी फिरला. तिसऱ्या दिवशी तर पहाटे गार वाटून मला पांघरूण शोधावं लागलं. बॅटऱ्या आजही तशाच आहेत, तिची माझ्याकडं आणि माझी तिच्याकडं. काही फरक पडत नाही, म्हणून परत उचलायचा उद्योग आम्ही केला नाही.

फोकस गेला त्याचं मला थोडं वाईट वाटलं. पण फॅन! मी सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात आत्यांना सांगितलं, "आत्या, आपला फॅन सकाळपातूर चालतोय बरं का!" त्या म्हणाल्या, "बरं झालं की." मी त्यांची खाट बरोबर फॅनखाली ओढली. गादीवर धुतलेली चादर घातली. संध्याकाळी त्यांना आवडतं तसं पातळ पिठलं केलं. जेवण झालं, आत्यांनी हात धुतला, आणि वाकळ काखेत मारली.

"कुठं निघालासा?" मी विचारलं.

"तिकडं."

"आपला फॅन चालू हाय की. रातभर चालतोय आता."

"व्हय, बघितला की. चांगलं वारं लागतंय." आणि चप्पल शोधायला लागल्या.

मग मात्र माझा बांध फुटला. "तिनं करणी केलीया का तुमच्यावर? काय कमी केलं मी? गुडघ्याला तेल मी लावती, जेवाण माझ्या हातचं, दुखणं-खुपणं मी काढती, आणि हसायला-बोलायला ती! तुमीच सांगितलासा न्हवं सगळ्यांम्होरं, थोरलीकडं ऱ्हाणार म्हणून? मग काय झालं आता? फॅनसाठी जात हुतासा म्हणून मी गप बसली. आता तर फॅनबी हाय!" बोलता बोलता मला रडू आलं. मालक उठून गोठ्याकडं गेले. पुरुषमाणसाला असल्या वेळी म्हैस बरी सापडते.

आत्यांनी वाकळ खाटेवर ठेवली आणि माझ्याजवळ बसल्या. रागावल्या नव्हत्या. उलट तोंडावर मिश्किल काहीतरी होतं.

"तू काय बी कमी केलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "पर आगं, मी हितं तुझ्याम्होरं बसती तवा तू त्यांच्या दाराकडं बघत असतीस. तेल लावतीस माझ्या गुडघ्याला आणि मान तिकडं. काय सांगाय गेलं तर हूं हूं. दोनदा मी गप बसून बघितलं, तरी तू हूं म्हणत हुतीस."

मी डोळे पुसले.

"आणि मी तिकडं जाऊन बसली," आत्या म्हणाल्या, "की सांजच्यापारी दारात उभी ऱ्हाऊन तू माझ्याकडंच बघत असतीस. मी काय करती, काय खाती, कुणासंग हसती, समदं. ह्या वयात कोण एवढं बघतंय गं आपल्याकडं?"

असं म्हणून त्यांनी माझ्या गालावरनं हात फिरवला, वाकळ उचलली आणि निघाल्या. मी दारात आले. खळ्यात अजून जरा उजेड होता. अर्ध्या वाटेवर धाकटी हात द्यायला पुढं आली. आत्यांनी तिचा हात धरला, थांबल्या, आणि मागं वळून बघितलं, मी बघतेय का ते.

मी बघतच होते.